पाकट हवं, शेपटीसकट

बार्शीला परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "समुद्र पाहिला का?" पाहिला. मोठा आहे, ओहोटीला लांब जातो आणि जाताना मागे काळे खडक आणि चिखल ठेवून जातो. त्या चिखलात माझी एक चप्पल अजून आहे. पण मी समुद्र पाहायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो मुलीकडून 'हो' घेऊन यायला.

आमची शुभांगी समुद्रातल्या विषारी प्राण्यांवर संशोधन करते. ज्या गावात नदीसुद्धा चार महिने वाहते त्या गावच्या मुलीला हे सुचलं कसं, असं लोक विचारतात. माझ्या मते याला जबाबदार विंचू. शाळेत असताना कडब्याच्या गंजीत तिला विंचू चावला. हिने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि रडणं थांबल्यावर पहिला प्रश्न विचारला, की नांगी बोटाला लागली तर दुखतं खांद्यापर्यंत कसं? मी एसटीत वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते मी सांगू शकतो. मी म्हणालो, "मोठी झालीस की तूच शोधून काढ." तोंडातून गेलेला शब्द तिने खरा धरला.

बी.एस्सी. बार्शीत, एम.एस्सी. पुण्यात, पीएच.डी. दक्षिणेत समुद्रकाठच्या एका विद्यापीठात. ती इतकी लांबली की आमचे शेजारी विचारायचे, "नापास होते का हो?" मग ऑस्ट्रेलियात पोस्ट-डॉक. हे पोस्ट-डॉक म्हणजे डॉक्टर झाल्यावरही डॉक्टरच्या हाताखाली राहायचं. मग परत येऊन मुंबईच्या एका संस्थेत प्रकल्पावर नोकरी, तीही प्रकल्प असेल तोवर. प्रत्येक थांब्यावर गाडी बदलायची आणि पुढची गाडी आहे की नाही हे चौकशी खिडकीलाही ठाऊक नाही, असा हा मार्ग. 'कायम' हा शब्द तिच्या एकाही नेमणुकीवर मी पाहिला नाही. मी स्वतः एसटीत चिकटलो तो निवृत्तीलाच सुटलो, त्यामुळे या शब्दाची किंमत मला जरा जास्तच आहे.

अशात आमच्या गावच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब घरी आले. त्यांच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची जागा होती. कायम. "मुलीला विचारा. रविवारपर्यंत कळवा," असं चहा पिऊन सांगून गेले. तेवढ्यात शुभाचा फोन आला, की दिवाळी झाली, होड्या जोरात आहेत, मी चार दिवस तारापूरकडच्या किनाऱ्यावर नमुने गोळा करायला जाते आहे. बायको गुडघ्याला तेल लावत म्हणाली, "तुम्हीच जा तिच्यासंगं. एकदा बघून तरी या काय करती, आणि येताना हो म्हणवूनच आणा."

पालघर

पालघरला उतरलो ते नायट्रोजनसाठी. शुभाकडे ॲल्युमिनियमचा एक बुटका कॅन होता. तो पाहताच मला ओळख पटली. आमच्याकडे गाई भरवायला येणारा माणूस मोटारसायकलला असाच कॅन बांधून हिंडतो. आत बैलाचं वीर्य टिकवायला द्रवरूप नायट्रोजन असतो, इतका गार की बोट बुडवलं तर बोट विसरावं. नमुना काढला की लगेच त्यात टाकायचा, म्हणजे विष खराब होत नाही, असं शुभाने समजावलं. मी म्हटलं, म्हणजे बैलाचं आणि माशाचं एकाच डब्यात. ती हसली.

नायट्रोजन देणारा माणूसही गाईम्हशींच्याच धंद्यातला. बाजाराच्या मागे त्याचं दुकान होतं. पालघर आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. कचेऱ्यांच्या इमारती नव्या, रस्ते रुंद, पण बाजारात शिरलात की गाव अजून तालुक्याचंच वाटतं. डोंगराकडून आलेल्या बायका फडक्यावर रानभाज्या आणि कंदमुळं मांडून बसल्या होत्या.

दुकानदाराने कॅन भरता भरता विचारलं, "कुठली जात देऊ? मुऱ्हा हाय, जाफराबादी हाय."

"काहीच नको. नुसता नायट्रोजन," शुभा म्हणाली.

"मग यात ठेवणार काय?"

"पाकटाचं विष."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "मुलगी आहे माझी," मी म्हणालो. का कोण जाणे, पण खुलासा करावासा वाटला.

बोईसर

मुक्काम बोईसरला. कारखान्यांचं गाव. संध्याकाळी पाळी सुटली की रस्ताभर हिंदी ऐकू येते, आणि वारा फिरला की नाकाला झोंबणारा एक आंबूस वास येतो. गावच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. आम्ही दोघंच शिंकत होतो.

लॉजच्या काउंटरवर मी कॅन जरा जोरात टेकवला. झाकणाखालून पांढरी वाफ भसकन बाहेर आली आणि जमिनीवर पसरली. पुढचं सांगायला नको. बाकावर बसलेले चार कामगार नाकाला रुमाल लावून सरळ रस्त्यावर. मॅनेजर काउंटरच्या मागून ओरडला, "अंकल, कौनसा गैस है? कौनसी कंपनी का है?" कारखान्यांच्या गावात पांढऱ्या धुराची चेष्टा करत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. शुभाने झाकण उघडून दाखवलं, समजावून सांगितलं. अखेर कॅन खोलीत न्यायचा नाही, मागच्या उघड्या व्हरांड्यात ठेवायचा, या बोलीवर आम्हाला जागा मिळाली. तरी बाहेर गेलेल्यांपैकी एकजण पुन्हा आत आला नाही.

रात्री जेवताना मी अण्णासाहेबांचा विषय काढला. तिला आईने आधीच सांगितलं होतं. "बाबा, रविवार लांब आहे," एवढं बोलून तिने माझ्या ताटात पापड ठेवला.

नवापूर

सकाळी रिक्षाने पाम गावावरून नवापूरला. गाव यायच्या आधी वास येतो, सुकत्या बोंबलांचा. बांबूंच्या लांबलचक मांडवांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. आमच्याकडे दोरीवर धुणं वाळत घालतात, तसे इथे मासे. मला वासाचं भय होतं, पण अर्ध्या तासात नाक सरावलं.

शुभाची ओळख जयेशशी. तो होडीचा मालक, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याला तिने फोनवरून बजावलं होतं, की जाळ्यात पाकट आलं तर शेपटीसकट आण. हे पाकट म्हणजे पसरट मासा, गोधडीचा तुकडा अंथरावा तसा, आणि मागे चाबकासारखी शेपटी. शेपटीवर करवतीच्या दात्यांचा काटा असतो आणि विष त्या काट्यावरच्या कातडीत. जाळ्यात पाकट आलं की इथले लोक पहिल्यांदा शेपटी तोडून समुद्रात टाकतात, मग बाकीचं काम. त्यामुळे बाजारात शुभाला पाकटं मिळतात ती सगळी बिनशेपटीची. तिला जे हवं ते नेमकं समुद्रात गेलेलं असतं. या किनाऱ्यावरचे नमुने मिळाले तर तिचा प्रकल्प आणखी दोन वर्षं चालणार होता. नाही मिळाले तर संपला. हे तिनेच मला रिक्षात सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा होडी लागून गेली होती. जयेशची आई पारूबाय ओट्याजवळ कोयता धूत होती. लुगडं खोचलेलं, पांढरे केस घट्ट बांधलेले. शुभाला पाहून तिचा चेहरा फुलला.

"आलीस पोरी? ही बग तुजी पाकटं. साफ करून ठेवली. एकाला पन काटा नाय ठेवला!"

टोपलीत तीन पाकटं होती. गुळगुळीत. बिनशेपटीची.

जयेश मागून आला, टोपलीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आये! खलाशी किती कुरकुरलं, पाय कुठं ठेवाचा म्हनून. त्यातून शेपटीसकट आनली मी. तुला सांगितलेलं ना?"

पारूबायने जीभ चावली. "सांगितलेलं रे. पन हाताला कुठं सांगितलेलं? पाकट दिसला का हात आपला चालतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, माजा दीर मरता मरता वाचला. मेलेल्या पाकटाचा काटा मांडीत घुसला. तवापासना शेपटी बंदरावर दिसली का माजा हात थांबत नाय. आन आज तर घरात पावनं येनार. म्हटलं, तुमाला लागाया नको."

शेपट्या ओहोटीबरोबर गेल्या होत्या. तरी मी पाण्याच्या कडेने थोडं शोधायला गेलो, आणि तिथेच चिखलाने माझी चप्पल गिळली. शुभा खडकावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. देव देतो आणि कर्म नेतं, दुसरं काय.

आणि खोटं कशाला बोलू, एका चपलेवर लंगडत परत येताना मला आतून बरं वाटत होतं. नमुने नाहीत म्हणजे प्रकल्प नाही. प्रकल्प नाही म्हणजे बार्शी. मुलीचा पडलेला चेहरा समोर होता आणि मी मनात प्राणिशास्त्र विभागाचा पडदा कुठल्या रंगाचा असेल हे बघत होतो. बाप असा असतो हे लिहायला बरं वाटत नाही, पण होतो.

दुपारी पारूबायने आम्हाला हलू दिलं नाही. त्या तीन पाकटांतल्या एकाचं कालवण झालं. हळद, तिखट, चिंच, भरपूर लसूण. सोबत तांदळाची भाकरी, इतकी पांढरी आणि मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीने तिला सून म्हणून पसंत केलं असतं. मला मासा खायचा म्हणजे काट्यांची धास्ती. आमच्याकडे उजनी धरणातला मासा खाताना बोलणंही बंद ठेवतात. पण पाकटाला काटा नाही, नुसती चावता येणारी कूर्चा. मी दोनदा वाढून घेतलं. शुभाही जेवली. "संशोधनाचं कालवण चांगलं झालंय मावशी," ती म्हणाली, आणि पारूबायने पदर तोंडाला लावला. हसत होती की लाजली होती, मला कळलं नाही.

पाम

दुसऱ्या दिवशी जाळ्यात एकही पाकट आलं नाही. बोंबील, कोळंबी, मांदेली, सगळं होतं. कॅनमधला नायट्रोजन मात्र कोणासाठी थांबत नाही. तो आपोआप उडत राहतो. शुभाने आत पट्टी घालून पाहिली आणि मान हलवली.

परतताना रिक्षा पामजवळ पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत आम्ही एका ताडाखाली बसलो. ताडगोळ्यांचा हंगाम नव्हता, म्हणून नुसती सावली. मी सरळ विचारलं, "शुभा, हातचं सोडून पळत्याच्या मागे किती दिवस लागायचं?"

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. चपलेने माती उकरत म्हणाली, "बाबा, मीसुद्धा थकलेय. माझ्याबरोबरच्या मुलींची घरं झाली, मुलं शाळेत जायला लागली. मी अजून दर वर्षी अर्ज करते. दर वेळी मुलाखतीत विचारतात, या विषाचा उपयोग काय? मी सांगते, कोळ्यांना काटे लागतात, त्यावर नीट औषध नाही, शिवाय यातून वेदनाशामकं निघू शकतील. ते मान हलवतात आणि पुढचा उमेदवार बोलावतात."

"मग?"

"मग असं करू. उद्या रविवारी जयेश आपल्यासाठी शेवटचं जाळं टाकतोय. शेपटी मिळाली तर मी दोन वर्षं आणखी हे करणार, आणि तुम्ही दोघं मला काही विचारायचं नाही. नाही मिळाली तर मी स्वतः अण्णासाहेबांना हो म्हणते. मनापासून म्हणते. तोंड पाडून नाही येणार."

मी म्हटलं, ठरलं. चाक बसलं होतं. रिक्षावाला हाका मारत होता.

पुन्हा नवापूर

रविवारी सकाळी कॅन जवळजवळ रिकामा. शुभा तो भरायला पालघरला गेली आणि मला पुढे नवापूरला पाठवलं. होडी दुपारपर्यंत येणार नव्हती, तोवर ती परतणार होती. मला काम एकच, बसून राहायचं.

होडी लवकर आली. जाळं भरलं म्हणून जयेश लवकर फिरला होता. बंदरावर एकदम धांदल उडाली. टोपल्या, बर्फ, बायकांचे आवाज, डोक्यावरून जाणारे क्रेट. जयेशने गोणपाटात गुंडाळलेलं एक बोचकं सांभाळून आणलं, पारूबायच्या पायाशी ठेवलं आणि पुन्हा पाण्यात शिरला. मी वाकून पाहिलं. दोन पाकटं. गोणपाटाबाहेर दोन लांब शेपट्या आलेल्या, आणि त्यांवर काटे, पिवळट, माझ्या बोटाएवढे.

मी शुभाला फोन लावला. उचलला नाही. रिक्षात असेल.

पारूबाय टोपलीतले मासे वेगळे करत होती आणि माझ्याशी बोलत होती. माझी बायको का आली नाही, गुडघ्याला काय लावते, बार्शीला पाऊस कसा. डोळे माझ्याकडे, हात टोपलीत. मासा उचलायचा, डावीकडे. मासा उचलायचा, उजवीकडे. मग तो हात गोणपाटाकडे गेला. एक पाकट सरकवून तिने फळीवर घेतलं, पायाच्या अंगठ्याने दाबलं आणि कोयता उचलला. तरी ती गुडघ्यांबद्दलच विचारत होती.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. हे मी इतकं स्पष्ट लिहितो आहे कारण तेव्हा ते मला तितकंच स्पष्ट दिसलं होतं. नुसतं गुडघ्याबद्दल बोलत राहायचं. दोष कोणाचाच नव्हता. संध्याकाळी शुभाने फोन केला असता, बायकोने पेढे आणले असते, आणि मी रोज सकाळी मुलीला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं असतं.

"थांबा!"

सगळी नोकरी सुटलेल्या गाड्या थांबवण्यात गेली. बिनमाइकचा तो आवाज निवृत्तीनंतर मी काढलाच नव्हता. बंदर गप्प झालं. बर्फ फोडणारा माणूस फावडं धरून तसाच उभा. पारूबायचा कोयता वरच्या वर राहिला. तिने फळीकडे पाहिलं, शेपटीकडे पाहिलं आणि कोयता लांब टाकून दिला. "आई गं," एवढंच म्हणाली.

मग आम्ही दोघांनी पाकटं बर्फात ठेवली, शेपट्यांवर टोपली पालथी घातली, आणि ती कोणी उचलू नये म्हणून मी टोपलीवर हात ठेवून बसलो. आपण काय करून बसलो ते हळूहळू कळत होतं. मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी दुसरं काही करता आलं नसतं हेही कळत होतं. ती विंचवाचा प्रश्न विचारणारी मुलगी माझी होती. तिला उत्तर शोधायला मीच धाडलं होतं.

शुभा आली ती कॅन कवटाळून, अर्धी पळत. मी टोपली उचलली. तिने शेपट्या पाहिल्या आणि एकदम खाली बसली. "मावशी, या वेळी लक्षात ठेवलंत!"

"मी कुठली ठेवते," पारूबाय म्हणाली. "माजा कोयता वरती गेलेला. तुज्या बाबानं थांबवला. असा वरडला, आख्खा बंदर गप झाला."

शुभाने माझ्याकडे पाहिलं. ताडाखालचा करार तिलाही आठवत होताच. तिचे डोळे भरले. पिशवीतून हातमोज्यांचा जाड जोड काढला आणि माझ्यापुढे धरला. "घाला, बाबा. कॅन धरायचा आहे. गार लागतो."

मी हातमोजे घातले. तिने काट्यावरची कातडी पातळ पात्याने सोलायला सुरुवात केली, इतक्या हलक्या हाताने की मला श्वास घ्यायची भीती वाटू लागली. तुकडा नळीत, नळी कॅनमध्ये, पांढरी वाफ आमच्या तिघांच्या पायांवरून वाहते आहे आणि इथे कोणी पळत नाही. मुलीला काम करताना मी पहिल्यांदा पाहत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दोन्ही हात कॅनला. पारूबायने माझ्या खिशातून तो काढला, मी सांगितलेल्या ठिकाणी बोट लावलं आणि मासळीच्या हाताने माझ्या कानाशी धरला. अण्णासाहेब होते. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

शुभाने मान वर केली. पातं थांबलं. "तुम्हीच सांगा," ती हळूच म्हणाली.

"जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या, अण्णासाहेब," मी म्हणालो. "तुमचे उपकार आहेत."

"अहो, कायम जागा आहे! चांगला विचार करा. आणि ती नक्की करते तरी काय तिकडे?"

हा प्रश्न मला गल्लीत, लग्नकार्यात, स्टँडवर, सगळीकडे विचारला गेला होता, आणि दर वेळी मी "अजून शिकते आहे" असं सांगून विषय बदलला होता.

"पाकटाच्या विषावर संशोधन करते," मी म्हणालो. "आणि आत्ता मी तिच्या हाताखाली आहे. ठेवतो."